विंडोज पुसण्याआधी वही काढा : नव्या लिनक्सवर घरचं नेट जोडताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आण्णांचा जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, रॅम चार जीबी. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे तो रस्ता बंद. मशीन तर ठणठणीत होतं. मग एका रविवारी विंडोज पुसून त्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. पाऊण तासात सगळं उरकलं, मराठी अक्षरं नीट दिसली, प्रिंटरनं पहिल्या फटक्यात कागद ओढला. नेट मात्र चालेना. सलग चार दिवस चालेना.

केबलवाल्याचा पोरगा येऊन बघून गेला आणि निकाल देऊन मोकळा झाला : "दादा, लिनक्सवर आपलं नेट चालत नाही बघा. विंडोज टाका परत."

त्याचं म्हणणं चूक होतं, पण चूक त्याची नव्हती, माझी होती. घरच्या नेटची बरीचशी माहिती विंडोजच्या पोटात असते आणि डिस्क फॉरमॅट केली की तीही जाते. मी फोटो, हिशेबाच्या फाइली, आण्णांची भजनं, सगळ्याचा बॅकअप घेतला होता. नेटच्या सेटिंगचा घ्यायचं डोक्यातच आलं नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो. उदाहरण मिंटच्या २२ मालिकेचं घेतलंय. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि विंडोजवरून येणाऱ्याला ती परकी वाटत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर नावं थोडी वेगळी दिसतील, कृती तीच.

आधी एकच प्रश्न : डायल कोण करतं?

घरात वायर येते ती कुठे जाते ते उठून बघा. अंदाजानं सांगू नका, टेबलामागं वाकून बघा.

बहुतेक घरांत आता फायबर येतं. पातळ काळी किंवा पांढरी वायर भिंतीवरच्या छोट्या डब्यात शिरते. त्या डब्याला ओएनटी म्हणतात, आपल्याकडे सगळे त्याला मोडेमच म्हणतात. त्यातच वायफाय असेल किंवा त्याच्या पुढे वेगळा राउटर असेल, तर लॉगिनचं काम तो राउटर करतो. कॉम्प्युटरला फक्त वायफायचा पासवर्ड लागतो किंवा लॅनची वायर खोचावी लागते. घरातला मोबाइल वायफायवर चालतोय आणि कॉम्प्युटर बंद असला तरी चालतोय, म्हणजे तुम्ही या गटात. तुमचं काम सोपं आहे.

दुसरा गट म्हणजे गच्चीवरून आलेली लॅनची वायर थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. जुन्या पेठांत, गल्लीबोळात अशी कनेक्शनं अजून आहेत. यातही दोन प्रकार. काहींना विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शनवर क्लिक करून नाव-पासवर्ड देऊन डायल करावं लागतं, त्याला पीपीपीओई म्हणतात. काहींना केबलवाल्यानं आयपीचे म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवरच्या पत्त्याचे आकडे हातानं भरून दिलेले असतात आणि वर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं. आण्णांचं कनेक्शन या शेवटच्या प्रकारातलं. माझा घोळ तिथंच झाला.

वहीत काय उतरवायचं

विंडोज अजून चालू असतानाच हे करा. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल, पण मी वही म्हणतो त्याला कारण आहे : फोटो पाच हजार फोटोंत हरवतो.

स्टार्ट मेन्यूत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात आयपीकॉन्फिग, एक स्पेस, तिरकी रेघ आणि ऑल असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. भली मोठी यादी येते. त्यातलं लॅन कार्डाचं म्हणजे इथरनेटचं तेवढं बघा. फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून सहा जोड्या दिसतील, बारा अक्षर-आकडे. हा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे लॅन कार्डाची ओळख. तो उतरवा. खाली डीएचसीपी एनेबल्ड समोर 'येस' असेल तर आकडे आपोआप येतात, पुढचं सोडून द्या. 'नो' असेल तर आयपी, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस हे सगळे आकडे टिंबासकट उतरवा.

डायल करणाऱ्यांनी नेटवर्क सेटिंग्जमधल्या डायल-अप या पानावर जाऊन युजरनेम बघून घ्यावं. पासवर्ड तिथं ठिपक्यांत असतो, तो दिसत नाही. कनेक्शन घेताना मिळालेली पावती किंवा एसएमएस शोधा, नाहीतर केबलवाल्याला फोन करून विचारा. हे सकाळी अकराच्या सुमारास करावं. संध्याकाळी त्यांचा फोन सतत बिझी असतो.

वायफायचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नसतो. विंडोजमध्ये वायरलेस प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबवर 'शो कॅरेक्टर्स' ला टिचकी मारली की तो दिसतो. तोही वहीत जाऊ दे.

पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

मिंट कॉम्प्युटरवर न टाकता नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मिंटची आयएसओ फाइल रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं चढवा, मशीन त्यावरून सुरू करा. डेस्कटॉप आला की इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नका. आधी नेट जोडून बघा. वायफाय दिसतं का? वायर लावल्यावर कोपऱ्यातला आयकॉन बदलतो का? इथं नेट चाललं तर इन्स्टॉल केल्यावरही चालेल, आणि नाही चाललं तर पेनड्राइव्ह काढून परत विंडोजमध्ये जाता येतं, तिथली माहिती जागेवर असते. ही पायरी मी गाळली. 'पाऊण तासात उरकलं' असं वर अभिमानानं लिहिलंय ना, ते यामुळे.

जोडणी

राउटरवाल्यांसाठी दोन ओळी पुरे. उजव्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक करा, आपल्या घरचं नाव निवडा, पासवर्ड द्या. वायर असेल तर तेही नको, नुसती खोचा.

डायल करणाऱ्यांनी मेन्यूत 'नेटवर्क' टाइप करावं. दोन गोष्टी दिसतील. साधं 'नेटवर्क' उघडू नका, तिथं डायलची सोय सापडत नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन' उघडा. खाली अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की कनेक्शनचा प्रकार विचारतात. यादीत 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा. डीएसएल हे नाव बघून बिचकू नका. तुमची लाइन फायबरची असो नाहीतर लॅनची, डायल करायची पद्धत तीच आहे. युजरनेम आणि पासवर्ड भरा. सर्व्हिस हा रकाना रिकामा सोडा. पॅरेंट इंटरफेस विचारलं तर लॅन कार्ड निवडा. जनरल टॅबवर आपोआप कनेक्ट होण्याची खूण करा आणि सेव्ह करा. आधीपासून 'वायर्ड कनेक्शन १' असं एक दिसत असेल तर त्याची आपोआपची खूण काढून टाका, म्हणजे दोघं एकाच वायरीवर भांडत बसणार नाहीत.

इथं एक बारीक फसगत आहे. पासवर्ड बरोबर असूनही 'चूक' म्हणून येतो. इन्स्टॉल करताना कीबोर्ड ब्रिटिश निवडला गेला असेल तर अ‍ॅट आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते, आणि नेटच्या युजरनेममध्ये अ‍ॅट बऱ्याचदा असतो. पासवर्डमध्ये तसं झालं तर ठिपके दिसत असल्यानं कळतही नाही. म्हणून नाव-पासवर्ड आधी टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचा, मग तिथून कॉपी करून डकवा. कीबोर्ड भारतीय इंग्रजी किंवा अमेरिकन ठेवा.

आता हातानं आकडे भरायचा प्रकार. त्याच खिडकीत 'वायर्ड कनेक्शन १' वर दोनदा क्लिक करा, 'आयपीव्ही४ सेटिंग्ज' टॅबवर मेथड 'मॅन्युअल' करा, 'अ‍ॅड' दाबा आणि वहीतले आयपी, नेटमास्क, गेटवे ओळीनं भरा. नेटमास्क २५५.२५५.२५५.० असेल तर नुसतं २४ लिहिलं तरी चालतं. डीएनएस एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये स्वल्पविराम. सगळे आकडे इंग्रजीत टाइप करायचे. सेव्ह करून कनेक्शन एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुनंच चालू राहतं.

माझे चार दिवस कुठे गेले

आयपीचे आकडे मला केबलवाल्याच्या ऑफिसातून परत मिळाले. भरले. वायरीचा दिवा लुकलुकत होता, तरी काही जाईना-येईना. केबलवाले लाइनवर कुलूप लावतात : ठरावीक आयपी ठरावीक मॅकलाच चालेल. मला वाटत होतं, मॅक तर लॅन कार्डाचा असतो, विंडोज काढून लिनक्स टाकलं म्हणून तो बदलायचं कारण नाही. हे बरोबरच आहे. तरी लाइन बंद.

चौथ्या दिवशी त्या पोराला म्हटलं, तुझ्या सर्व्हरवर आमच्या नावापुढं जो मॅक आहे तो वाचून दाखव. तो वाचायला लागला आणि दुसऱ्याच जोडीला माझ्याकडचा आकडा जुळेना. तेव्हा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी आण्णांचं याआधीचं मशीन बाद झालं, तेव्हा आलेल्या कुणीतरी सर्व्हरवरचं कुलूप बदलण्याऐवजी नव्या मशीनच्या विंडोजमध्येच जुन्या मशीनचा मॅक लिहून ठेवला होता. विंडोजमध्ये लॅन कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' म्हणून जागा असते, तिथं. मी विंडोज पुसलं, तसा तो उसना मॅकही गेला आणि कार्ड आपल्या जन्माच्या आकड्यावर आलं. विंडोज चालू असताना तो आयपीकॉन्फिगवाला आदेश दिला असता, तर हाच उसना मॅक समोर दिसला असता.

उपाय दोन मिनिटांचा. 'वायर्ड कनेक्शन १' च्या इथरनेट टॅबवर 'क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस' हा रकाना असतो, त्यात जुना मॅक लिहायचा, दर दोन अक्षरांनंतर विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. फोनवर ऐकून लिहिताना मात्र आमची दमछाक झाली.

"बी का डी?"

"बी."

"डी?"

"बी हो दादा, बिंदू चौकातला बी!"

"आणि शेवटचा?"

"तो डी. दसरा चौक."

नेट सुरू झालं. पोरगा म्हणाला, "चालतंय की मग लिनक्सवर!"

केबलवाल्यानं सर्व्हरवर मॅक बदलून दिला तर तेच जास्त चांगलं, म्हणजे पुढच्या वेळी हा उसनवारीचा घोळ नको. आम्ही नंतर तेच करून घेतलं.

वायफाय दिसतच नसेल तर

लॅपटॉपवाल्यांचा हा नेहमीचा त्रास. इंटेलची वायफाय कार्डं बहुतेक पहिल्याच दिवशी चालतात. जुन्या ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो डाउनलोड करायला नेट लागतं. नेटसाठी ड्रायव्हर आणि ड्रायव्हरसाठी नेट. यातून सुटायला मोबाइल पुरतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला तो वायरचं कनेक्शन म्हणून दिसतो, पासवर्ड नको की काही नको. फोन घरच्या वायफायवर असेल तर नेटही तेच वापरलं जातं, मोबाइलचा डेटा जात नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये आतल्या दोन तारा नसतातच.

मग मेन्यूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो कार्ड ओळखून ड्रायव्हर सुचवतो, निवडा आणि मशीन परत सुरू करा. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारं कुलूप, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळी स्क्रीन येते. घाबरून पॉवर बटण दाबू नका. 'एनरोल मॉक' निवडा, तो पासवर्ड द्या, पुढे जा. इथं 'कंटिन्यू' निवडून निसटलात तर ड्रायव्हर असूनही वायफाय चालत नाही, आणि चूक कुठे झाली हे दोन दिवस कळत नाही.

तरीही चालेना : भिंतीपासून स्क्रीनपर्यंत या

घाईत सगळे स्क्रीनपासून सुरुवात करतात. उलटं करा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये. वायर कुठंतरी तुटलीय किंवा कपाटामागं जास्त दुमडलीय. कॉम्प्युटर बदला, लिनक्स बदला, काही फरक पडणार नाही, सरळ फोन लावा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

त्याच डब्यावरचा पॉन नावाचा दिवा हिरवा स्थिर असेल तर बाहेरचं ठीक. आता टर्मिनल, म्हणजे लिनक्सची काळी खिडकी उघडा आणि तीन ठिकाणी हाका मारा. पिंग, स्पेस आणि राउटरचा किंवा गेटवेचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग ८.८.८.८. मग कुठल्याही मोठ्या वेबसाइटचं नाव. विंडोजमध्ये पिंग चार ओळी देऊन थांबतो, इथं थांबत नाही, कंट्रोल-सी दाबून थांबवावा लागतो. पहिल्यालाच उत्तर नसेल तर घरातली वायर, वायफाय किंवा आकडे चुकलेत. पहिला ओ देतो आणि दुसरा देत नाही, तर राउटरच्या पलीकडचं दुखणं : डायल झालं नाही, रिचार्ज संपला किंवा मॅकचं कुलूप. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर दुखणं डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून आकडा शोधून देणाऱ्या सोयीचं. मग आयपीव्ही४ च्या टॅबवर 'ऑटोमॅटिक, अ‍ॅड्रेसेस ओन्ली' निवडून डीएनएसमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा.

तिन्हींना उत्तर येतं तरी ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा देतोय? कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज गेली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं, आणि साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला वैध नसतात. बॅटरीचं नाव सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्यांच्या घड्याळात बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो, ती बॅटरी नव्हे. विंडोज आतलं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवतं, लिनक्स ग्रीनिचच्या.

पीपीपीओईवर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या गरगरतात, असंही होतं. नेटवरून माहिती छोट्या पाकिटांत जाते आणि पीपीपीओईची आठ बाइटची पाटी प्रत्येक पाकिटावर लागते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ एवढंच मावतं. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ करून बघा.

आणि वेग. शंभर एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, यावरून केबलवाल्याशी भांडू नका. पण प्लॅन दोनशेचा आणि वायरवर मिळतात पंच्याण्णव, तर वायर बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जरी क्लिपात नीट बसली नसेल तर जोडणी शंभरवर उतरू शकते. वाड्यातल्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. तिथं २.४ चं नाव निवडा, वेग कमी मिळेल पण तुटणार नाही.

शेवटची दोन कामं

वायर थेट कॉम्प्युटरला येत असेल तर मिंटचं 'फायरवॉल कॉन्फिगरेशन' उघडून ते चालू करा. सुरुवातीला ते बंद असतं. राउटरमागे असणाऱ्यांनीही केलं तर तोटा नाही. मग 'अपडेट मॅनेजर' एकदा पूर्ण होऊ द्या.

दुसरं काम एप्रिल-मेमधलं. गच्चीवरून येणारी लॅनची वायर तांब्याची असते. वळवाच्या पावसात जवळपास कुठं वीज पडली की तिच्यातून झटका येऊन लॅन पोर्ट जळतो. आमच्या गल्लीत एका वळवात तीन घरांचे गेले. पोर्ट जळला की मशीन बाकी सगळं करतं, फक्त वायर लावली तरी दिवा लागत नाही. मग नवं कार्ड, आणि नवं कार्ड म्हणजे नवा मॅक. तेव्हा आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायर पाठीतून उपसून बाजूला ठेवायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटवर असतो, तोही काढायचा.